पहिली प्राइम लेन्स: ५० घेऊ की ३५?

प्रश्न: माझ्याकडे निकॉनचा डी ५६०० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स. बाहेर उजेडात फोटो मस्त येतात पण संध्याकाळी घरात मुलीचे काढायला गेलं की सगळे हललेले. जो तो सांगतो ५० एमएम एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स) घे, डोळे झाकून. पण मला एकच लेन्स परवडणार आहे, चुकली तर दुसरी घेता येणार नाही. काय करू?

उत्तर: डोळे झाकून तर अजिबात नका घेऊ. आधी तुमच्याकडचे घरातले जुने फोटो काढा आणि प्रत्येकाची माहिती उघडून बघा की फोकल लेंथ काय (१८ ते ५५ मध्ये लेन्स कितीवर होती) आणि शटर स्पीड काय (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं). शटर १/१५ किंवा १/२० दिसला तर फोटो का हलले ते तिथेच कळतं, मूल एका जागी थांबत नाही, आणि किट लेन्समधलं व्हीआर फक्त तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरचं माणूस हललं तर ते काही करू शकत नाही. तिथे उजेडच जास्त लागतो. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते; किट लेन्स ५५ ला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ १.८ ची प्राइम जवळजवळ दहापट उजेड आत घेते, म्हणजे १/१५ च्या जागी आरामात १/१२५ मिळतो आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवावा लागत नाही.

आता ५० की ३५. तुमचा सेन्सर क्रॉप आहे, दीडपटीचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, त्यामुळे ५० लावली की ती फुल फ्रेमवरच्या ७५ सारखी दिसते. मी स्वतः पहिली ५० च घेतली होती, सगळे सांगत होते म्हणून, आणि घरात मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकायची तरी दोन माणसं नीट फ्रेममध्ये बसायची नाहीत, खूप हळहळ वाटली होती तेव्हा. अडीच मीटरवरून ५० मध्ये आडवं जेमतेम सव्वा मीटरच्या आत मावतं, ३५ मध्ये दीड मीटरच्या वर. छोट्या खोलीत हा फरक फार मोठा आहे. फक्त चेहरेच काढायचे असतील, अंगणात, मोकळ्या जागेत, तर ५० सुंदरच, बॅकग्राउंडही जास्त विरघळतं. पण खेळणारी, धावत जवळ येणारी मुलगी आणि एकच लेन्स म्हटल्यावर माझं मत सरळ ३५ ला आहे, निकॉनची डीएक्स ३५ एमएम एफ १.८ जी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. किट लेन्स ३५ वर ठेवा, झूम रिंगला चिकटपट्टी लावा आणि चार दिवस तशीच वापरा, मग चार दिवस ५० वर. कुठल्या दिवसांत जास्त अडलं ते तुमचं तुम्हालाच कळेल, आणि याला काही खर्चही नाही.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत फोकस मोटर नाहीये, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सेस स्वस्तात दिसल्या तरी त्यांवर ऑटोफोकस चालणार नाही, हाताने फोकस करत बसावं लागेल आणि धावत्या मुलीमागे ते जमत नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे ना बघा. सेकंडहँड घेत असाल तर टॉर्च मागून मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या, धुळीचे एकदोन कण चालतात.

आणि आणल्यावर लगेच एफ १.८ वरच सगळं काढायचा मोह होईल. जवळून काढलं तर एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर असं होतं. सुरुवातीला एफ २.२ किंवा २.५ वर ठेवा, सिंगल पॉइंट फोकस जवळच्या डोळ्यावर, शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका.