रीइश्यू गिटार म्हणजे जुन्याची नक्कलच ना? मग वादक तिच्यासाठी जास्त पैसे का मोजतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही निपाणीचे, सध्या हातात साधी चिनी स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची गिटार आहे, आणि पैसे साठवून १९६०च्या धाटणीची रीइश्यू घ्यावी की नवी आधुनिक गिटार, हे ठरत नाहीये. ‘नक्कलच ना?’ हा तुमचा शब्द वाचला आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसलो. हाच शब्द माझा दादा मला तीस वर्षं ऐकवतोय.

आधी एक सांगून टाकतो. जुनं लाकूड, मुरलेला आवाज वगैरेसाठी रीइश्यू घेणार असाल तर घेऊ नका. कंपनीने जुन्या मॉडेलच्या मापाने नव्याने बनवली ती रीइश्यू, तिचं लाकूड जुनं नसतंच. जुनी असते ती फक्त घडण.

१९९३. मी एकोणीस वर्षांचा, बेळगावच्या शहापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गणपतीचे अकरा दिवस म्हणजे आमची सुगी. एकाच स्टेजवर हिंदी, मराठी आणि कन्नड, आणि समोर कोण बसलंय ते बघून गाण्यांचा क्रम ठरायचा. माझी गिटार अशी की बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तारेखालून पेन्सिल जाईल. बोटांना घट्टे पडायचे आणि मला वाटायचं, गिटार म्हणजे अशीच असते.

कॅम्पात एक अंकल राहायचे. मूळ गोव्याचे, तारवटी. बरीच वर्षं बोटीवर काढून परत आलेले. त्यांनी जपानच्या कुठल्याशा बंदरातून एक लाल स्ट्रॅट आणली होती, १९६२च्या नमुन्याची, फेंडर जपानची. कॅम्पातल्या लग्नांत वाजवायचे. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री माझ्या गिटारचा जॅक निखळला. अंकल समोरच बसले होते. काही न बोलता घरी गेले आणि पेटी घेऊन आले.

एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून पहिला बॅरे कॉर्ड धरला आणि मी चक्क मागे वळून बघितलो, कुणी मदत करतंय की काय म्हणून. खोटं नाही सांगत. त्या नेकचा, म्हणजे दांडीचा, फ्रेटबोर्ड, जिथे बोटं दाबतात तो, गोलसर होता, सव्वासात इंच त्रिज्येचा. आताच्या फेंडर बहुतेक साडेनऊ इंचाच्या, बऱ्याच आधुनिक गिटारी त्याहूनही सपाट. गोल फ्रेटबोर्डवर आडवं बोट आपोआप बसतं, अंगठा वरून येतो, आणि चार तास ताल धरून ठेवणाऱ्या माणसाचं मनगट दुसऱ्या दिवशी जागेवर असतं. आवाजाचं मला तेव्हा काही कळलं नाही. एवढंच कळलं की व्हॉल्यूम थोडा कमी केला की गिटार गायकाच्या मागे जाते आणि वाढवला की पुढे येते. पायाने काही दाबायची गरज नाही.

पुढच्या वर्षी अंकलनी ती विकायला काढली. मला म्हणाले, ‘तू घेत असशील तर अठरा हजार.’ माझ्याकडे सहा होते. दादाकडे गेलो. दादाने नुकताच फर्निचरचा कारखाना हातात घेतला होता. तो आला, गिटार उलटीपालटी करून बघितला आणि अंकलसमोरच म्हणाला, ‘अमेरिकेच्या जुन्या मालाची जपानवाल्याने केलेली नक्कल, ती पण वापरलेली. अठरा हजारांत मी रंधा मशीन घेतो.’ आणि माझे सहाही त्यात घालून मशीन घेतला. लाल स्ट्रॅट मडगावला गेली.

पुढे वर्षभराने त्यानेच पैसे घातले, पण अट घालून: ‘घ्यायचंच तर नवं घे.’ म्हणून मी काळी, टोकदार शिंगांची, लॉकिंग ट्रेमोलोवाली घेतली, म्हणजे तारा जिथे अडकतात तो ब्रिज तारा आवळून धरणारा आणि तरंगता. दिसायला भारी. खानापूर तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या कार्यक्रमात तिची पहिली तार तुटली. तरंगत्या ब्रिजवर तारांचा आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण तोललेला असतो. एक तार गेली की तोल गेला, आणि उरलेल्या पाचही बेसूर. वर तार बदलायला ॲलन की लागते, ती टेंपोत राहिलेली. गायक बिचारा एकच कडवं तिसऱ्यांदा म्हणतोय, मी अंधारात टेंपो शोधतोय, आणि पब्लिकमधून कुणीतरी ओरडला, ‘गिटार ऱ्हाऊ दे बे, ढोल लाव!’ ढोल लावला. टाळ्या त्यालाच पडल्या.

जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटचा ब्रिज पाच स्प्रिंगा ताणून अंगावर टेकवून ठेवता येतो. तार तुटली तरी पाच तारांवर गाणं संपवता येतं. खुंट्यांना मध्ये चीर असते, त्यात तारेचं टोक खुपसायचं, गुंडाळायचं, झालं. हे सगळं दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने केलेलं आहे, कारण कंपनी काढणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

आता तुमच्या ‘का’ कडे येतो. १९५४ साली स्ट्रॅट आली. जानेवारी १९६५मध्ये लिओने कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माल वाढला आणि हात आखडता झाला. नेक चार स्क्रूंऐवजी तीनवर आला, फिनिश जाड पॉलिएस्टरचा झाला, बऱ्याच गिटारी वजनाला नुसत्या धोंडा. वादक जुन्या शोधायला लागले. तिकडे जपानी कंपन्यांनी जुन्या मापाच्या इतक्या चोख नकला काढल्या की मूळ कंपनीचीच पंचाईत झाली. तेव्हा कुठे १९८२मध्ये फेंडरने १९५२ची टेलीकास्टर आणि १९५७, १९६२च्या स्ट्रॅटची रीइश्यू काढली, आणि त्यासाठी त्यांच्या माणसांना जुन्या गिटारींच्या दुकानात जाऊन आपल्याच गिटारींची मापं घ्यावी लागली. त्याच वर्षी जपानमध्येही उत्पादन सुरू झालं. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीचं तर आणखी मजेशीर. १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट रंगाची लेस पॉल गिटार खपत नाही म्हणून बंद केली. उण्यापुऱ्या दीड हजाराच्या आसपास बनल्या असतील. आज त्यांची किंमत ऐकली तर माणूस शेत विकूनही पोचणार नाही. मग उरतं काय? रीइश्यू. नक्कल म्हणा, पण ज्याने हरवलं त्यानेच शोधून परत केलेलं माप आहे ते.

हे दादाला मी किती वेळा सांगितलंय. त्याचं उत्तर ठरलेलं: ‘माप कागदावर मिळतं. पैसे कशाचे?’

२०१७मध्ये मी पुण्याच्या एका वादकाकडून अमेरिकेत बनलेली १९६२ रीइश्यू सेकंडहँड घेतली. आकडा लिहीत नाही, आमच्या घरात ही उत्तरं वाचली जातात. दादाने पेटी उघडून आधी वास घेतला. ‘एनसी.’ म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. फर्निचरवाले त्याला एनसीच म्हणतात, आणि पॉलियुरेथेनला पीयू. ‘हॉटेलच्या खुर्चीलासुद्धा आता मी एनसी मारत नाही, पीयू मारतो, आणि तू एनसीचे जादा पैसे देऊन आलास?’ मी म्हटलं, पातळ थर असतो, तो लाकडाला मोकळं ठेवतो. त्याने अंगठ्याने शिंगाजवळ दाबून बघितलं आणि म्हणाला, ‘वर एनसी असंल, खाली दुसरंच काहीतरी टणक आहे बघ की.’ इथे तो बरोबर होता, हे मला नंतर कळलं. काही रीइश्यूंमध्ये नायट्रोच्या खाली कडक सीलरचा थर असतोच. त्यामुळे ‘नायट्रो श्वास घेतो’ असं दुकानदार सांगायला लागला की मान डोलवा आणि पैसे खिशात ठेवा.

पण ड्युकोवर मी त्याला गप्प केलं. दादा जन्मभर कपाटांना ‘ड्युको’ मारतोय. ते ड्युपाँटच्या मोटारीच्या रंगाचं नाव, आणि फेंडरचे पन्नास-साठच्या दशकातले काही खास रंग त्याच डब्यांतले. अंकलच्या गिटारचा तो फिएस्टा रेड म्हणजे १९५६च्या फोर्ड थंडरबर्ड मोटारीचा रंग. दादा मिनिटभर काही बोलला नाही. मग फ्रेटबोर्डवर नख फिरवून म्हणाला, ‘हे शिसव की रे. आपल्याकडचं.’ खरंच. मूळच्या गिटारींना ब्राझिलियन रोजवुड असायचं. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२मध्ये कडक बंदी आली. फेंडर तर साठच्या दशकातच भारतीय रोजवुडकडे वळली होती. भारतीय रोजवुड म्हणजे सह्याद्रीत वाढणारं आपलं शिसव. अमेरिकेची जुनी गिटार म्हणून मी लाखाच्या वर पैसे घातले आणि बोटं फिरतायत शिसवावर. दादा हे आता प्रत्येक लग्नात सांगतो.

नायट्रोचा दुसरा धडा महाग पडला. गिटार पावसाळाभर स्वस्त स्टँडवर ठेवली. स्टँडच्या रबराची आणि नायट्रोची रासायनिक दुश्मनी आहे. ऑगस्टमध्ये उचलली तर रबर लॅकरला चिकटून आलं आणि खाली दोन काळे डाग. दादा: ‘एनसी आहे म्हणून सांगितलो होतो न्हवं?’ डाग त्यानेच घासून बरेचसे काढून दिले, हेही खरं.

घ्यायचं ठरवलंत तर त्रास कुठे आहेत ते ऐका, हे आधीच सांगायला हवं होतं. गोल फ्रेटबोर्ड कॉर्डला सुखाचा, पण वरच्या फ्रेटवर तार लांब ओढलीत तर सूर मध्येच गुदमरतो. ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, थोडी वर ठेवावी लागते. जोरकस बेंडिंग हाच तुमचा बाज असेल तर आधुनिकच घ्या, माझ्या रडगाण्याकडे लक्ष देऊ नका. तारांचा कंप पकडणारे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप मंडपातल्या डिमरशेजारी मधमाशीच्या पोळ्यासारखे गुणगुणतात. आधुनिक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, म्हणून दोन पिकअप एकत्र लावले की गुणगुण जाते. जुन्या घडणीत ती सोय नाही. तिसऱ्या तारेखालचा चुंबक उंच असतो, कारण त्या काळी ती तार गुंडाळलेली यायची. आजच्या साध्या तारेवर तो ‘जी’ (G) सूर एकटाच ओरडतो. आणि ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, नट नेकच्या बुडाला. म्हणजे नेक सोडवल्याशिवाय पिळता येत नाही. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये नेक एकीकडे, जानेवारीत दुसरीकडे. वर्षातून दोनदा चार स्क्रू काढायचे, पाव फेरा पिळायचा, परत लावायचं, चुकलं तर पुन्हा. मला हे आवडतं. बायकोला वाटतं, मी गिटार वाजवण्यापेक्षा उघडतोच जास्त.

मुद्दाम घासून, जाळून जुनी केलेली रेलिक मात्र कधीही घेऊ नका. दुसऱ्याच्या घामाचे डाग विकत घ्यायचे म्हणजे काय? मांडी घासून घासून पडलेला डाग आपलाच हवा. यावर मी आणि दादा एकदाच एकमतात आलो.

आणि तुमच्या ‘नक्कल’बद्दल शेवटचं. १९८२ नंतरच्या त्या पहिल्या जपानी रीइश्यू आज चाळिशी ओलांडून गेल्या. आता लोक त्यांनाच व्हिंटेज म्हणून शोधतात. दादाचं रंधा मशीन २००९ साली भंगारात गेलं. हे मी त्याला गेल्या दिवाळीला हिशेबासकट ऐकवलं. तो म्हणाला, ‘त्या मशीनवर तुझा डिप्लोमा झाला.’ झाला, नाही म्हणत नाही. पण अठरा हजारांतले सहा माझे होते, ते त्याने अजून परत केलेले नाहीत.

पैशाचंच म्हणाल तर अमेरिकन घ्यायची गरज नाही. जुन्या मापाचा नेक मेक्सिकोत बनलेल्यांतही मिळतो, आणि स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या जुन्या धाटणीच्या मालिकेतली एखादी नीट सेटअप करून घेतलीत तर कॉलेजच्या बँडला भरपूर झाली. दुकानात जाऊन आधी पाच मिनिटं नुसते बॅरे कॉर्ड धरा, ॲम्प न लावता. मनगटाला कळतं.

निपाणीहून हायवेने बेळगाव काही लांब नाही. रविवारी या, माझी वाजवून बघा. फक्त दुपारी चारच्या आत या. चारनंतर दादा येतो, आणि तुमच्या तोंडून चुकून ‘नक्कल’ निघालं तर तुमची शेवटची गाडी चुकलीच म्हणून समजा.