छोट्या गॅरेजमधील कामाच्या टेबलावर पसारा साचू नये म्हणून काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की गॅरेज ९ बाय १४ फुटांचे आहे, त्यात स्कूटरही उभी राहते, मागच्या भिंतीला ५ फुटांचे टेबल आहे आणि एखादा स्क्रू काढायचा म्हटले तरी आधी अर्धा तास जागा मोकळी करण्यात जातो. भिंतीवर भोकांचा तयार बोर्ड लावला तर प्रश्न सुटेल का, असेही तुम्ही विचारले आहे. मी भोसरीच्या एका कारखान्यात बरीच वर्षे फिटर आणि नंतर सुपरवायझर म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर घराखालच्या तुमच्याएवढ्याच जागेत माझी दुरुस्तीची हौस भागवतो. बोर्डाकडे नंतर येतो, कारण माझ्या अनुभवाने टेबलावरचा पसारा हा हत्यारांचा नसतोच. तो अर्धवट राहिलेल्या कामांचा असतो.

हे मला फार उशिरा कळले. दोन वर्षांपूर्वी मी टेबल पूर्ण रिकामे करून सगळे सामान अंगणात ताडपत्रीवर मांडले. १०-११ चे तीन पाने आणि चार मोजपट्ट्या निघाल्या, कारण पहिली सापडली नाही की आपण दुसरी आणतो. परंतु निम्म्याहून अधिक जागा अडवली होती ती वेगळ्याच वस्तूंनी: कार्बन ब्रशची वाट पाहणारी मिक्सरची मोटर, वायसर मिळाला नाही म्हणून तसाच राहिलेला नळ, शेजाऱ्यांचा पंखा आणि पाय डुगडुगणारा पाट. यांपैकी एकही वस्तू खुंटीवर टांगता येत नाही, म्हणून भिंतीला कितीही बोर्ड लावले असते तरी टेबल तसेच राहिले असते.

त्यावर मी केलेला उपाय साधा आहे. भाजीवाल्यांकडे असतात तसे प्लास्टिकचे तीन क्रेट आणले आणि प्रत्येक अडलेल्या कामाला एक क्रेट दिला. त्या कामाचे सुटे भाग, काढलेले स्क्रू आणि कोणता भाग आणायचा आहे ते तारखेसह लिहिलेली चिठ्ठी, हे सर्व त्याच क्रेटमध्ये राहते आणि क्रेट टेबलाखाली जातो. तिन्ही क्रेट भरलेले असतील तर चौथे काम घ्यायचे नाही, मग ते शेजाऱ्यांचे असले तरी. (हा नियम पाळताना थोडा वाईटपणा येतो, हे मान्य करतो.)

त्यानंतर हत्यारे. सगळी परत टेबलाजवळ आणू नका. ती एका मोठ्या खोक्यात ठेवा आणि पुढचा महिनाभर कामासाठी जे हत्यार बाहेर काढाल तेवढ्यालाच भिंतीवर जागा द्या. माझ्याकडे महिन्याअखेर भिंतीवर २२ वस्तू होत्या. उरलेली हत्यारे वाईट नाहीत, पण पाइप पाना किंवा गिरमिट वर्षातून दोनदा लागते. त्याने हाताजवळची जागा अडवू नये.

आता तुमचा बोर्ड. हार्डबोर्डचा भोकांचा बोर्ड मी एकदा लावला होता आणि दुसऱ्या पावसाळ्यात काढून टाकला, कारण ओल लागून तो फुगला, भोके सैल झाली आणि पक्कड उचलली की तिच्याबरोबर हूकही हातात येऊ लागला. पत्र्याचा बोर्ड टिकतो, मात्र महाग पडतो. त्यापेक्षा १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा ४ बाय ४ फुटांचा तुकडा घ्या, म्हणजे ८ बाय ४ च्या एका शीटचा अर्धा भाग. तो थेट भिंतीवर ठोकू नका. आधी भिंतीत प्लग बसवून इंचभर जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या लावा आणि त्यांवर प्लायवूड बसवा, म्हणजे भिंतीची ओल त्याला लागत नाही आणि खिळा कुठेही मारता येतो. खिळे मारण्यापूर्वी प्लायवूड जमिनीवर आडवे ठेवून हत्यारे मांडून पाहा आणि दोन मुठींमध्ये बोटे जातील एवढे अंतर सोडा. कारखान्यात आम्ही प्रत्येक पान्यामागे त्याची आकृती रंगवत असू. तेथे शंभर हात लागतात म्हणून ते योग्य होते. घरी एकच हात असतो आणि तो आठवड्याभरात जागा शिकतो, त्यामुळे आकृत्यांचा खटाटोप मला निरर्थक वाटतो.

दोन अपवाद सांगतो. कानशी एकमेकींवर रचू नका, कारण कठीण पोलादाचे दात एकमेकांवर घासून बोथट होतात. प्रत्येकीला लाकडी पट्टीत स्वतंत्र खाच द्या. व्हर्नियर (बारीक मापे घेण्याचे साधन) भिंतीवर टांगू नका, ते त्याच्या पेटीतच राहू द्या.

व्हाइस, म्हणजे कामाची वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा, टेबलाच्या मध्यावर असेल तर कोपऱ्यात, शक्यतो टेबलाच्या पायाच्या वर हलवा. त्याचा स्थिर जबडा टेबलाच्या कडेपासून किंचित बाहेर आला पाहिजे, म्हणजे लांब पट्टी उभी पकडता येते. जबड्याची वरची कड तुमच्या कोपराच्या उंचीला असावी. फिटरचे काम शिकताना हेच माप पहिल्या दिवशी सांगतात. ५ फुटांपैकी निदान ३ फूट जागा यामुळे सलग मोकळी मिळते.

नट-बोल्टांसाठी आपल्या घराघरांत श्रीखंडाचे डबे जपून ठेवलेले असतात, पण ते पारदर्शक नसतात आणि आठ डबे उघडल्यावर नवव्यात हवे ते सापडते. पारदर्शक डबे घ्या किंवा त्याच डब्यांवर बाहेरून एकेक नमुना चिकटपट्टीने लावा. वर्गवारी फार बारीक करू नका. ६ मिलिमीटरचे सगळे बोल्ट, लांबी कितीही असो, एका डब्यात आणि ८ चे दुसऱ्यात पुरे. पहिल्याला १० चा पाना लागतो, दुसऱ्याला १३ चा, म्हणून मी पान्याचा आकडाही डब्यावर लिहितो. वर्षानुवर्षांचा गंजका मिश्र साठा निवडत बसण्यापेक्षा भंगारवाल्याला देऊन टाकणे बरे.

टेबलाखाली जड यंत्रे ठेवा, पण जमिनीपासून ४ इंच उंच फळीवर, कारण जोराच्या पावसात शटरखालून पाणी आत येतेच. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलावर पडू देऊ नका. तो भिंतीवर टेबलाच्या पातळीच्या वर पक्का बसवा, म्हणजे वायरींचे जंजाळ कमी होते आणि धातूचा कीस त्यात पडत नाही.

तुमच्याकडे स्कूटर आत असते म्हणून एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते, तर ग्राइंडरच्या ठिणग्याही खालीच पडतात. ग्राइंडर चालवण्यापूर्वी स्कूटर बाहेर काढा आणि शटर काही वेळ पूर्ण उघडे ठेवा. तसेच लाकडाला जवसाचे तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका; सुकताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवा.

रोजच्या आवराआवरीविषयी माझ्या फार अपेक्षा नाहीत. काम संपल्यावर दहा मिनिटे आणि शेवटी टेबलावर ब्रश, एवढेच मी पाळतो. वर्षाची मोठी सफाई मात्र खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी ठरलेली आहे. हत्यारांची पूजा करायची म्हणून ती भिंतीवरून उतरवावी लागतातच आणि पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळे कुठे गंज धरला आहे तेही त्याच वेळी दिसते. मग कानशी तारेच्या ब्रशने साफ होतात, पटाशांना धार लागते, पान्यांवरून मशीन ऑइलचे फडके फिरते आणि क्रेटमधल्या चिठ्ठ्यांवरच्या तारखाही वाचल्या जातात. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा पंखा त्याच दिवशी परत गेला, अर्थात न दुरुस्त होता.