छायाचित्रण प्रश्नोत्तरे : लाकडातील लाटा छायाचित्रात का हरवतात?

प्रश्न : मी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे राहतो आणि नोकरी सांभाळून घरच्या गॅरेजमध्ये लहान लेथवर पूलचे क्यू (पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या काठ्या) बनवायला शिकत आहे. बटसाठी, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागासाठी, मी कर्ली मेपल (लाटांची नक्षी असलेले मेपलचे लाकूड) आणि बर्ड्‌स आय मेपल (डोळ्यांसारखे ठिपके असलेले) वापरतो. काठी हातात धरून हलवली की कर्ली मेपलवर आडव्या लाटा सरकताना स्पष्ट दिसतात. छायाचित्रात मात्र तीच काठी साध्या पिवळट दांड्यासारखी येते. छतावरची ट्यूबलाइट, कॅमेऱ्याचा फ्लॅश, खिडकीतला उजेड असे सगळे करून पाहिले. वार्निशनंतर तर काठीभर एक लांब पांढरी रेघ उमटते. काय चुकते आहे?
— एक वाचक, ग्रँड रॅपिड्‌स

उत्तर : आपला कॅमेरा बरोबर आहे, दिव्याची जागा चुकते आहे. कर्ली मेपलमधील पट्टे हा रंग नव्हे. त्या लाकडाचे तंतू बुंध्याच्या दिशेने सरळ न वाढता नागमोडी वाढलेले असतात, आणि काठी कातली की प्रत्येक वळणाचा छेद पृष्ठभागावर येतो. ज्या उतारावरचे तंतू दिव्याचा प्रकाश आपल्याकडे परतवतात तो पट्टा उजळ दिसतो, आणि शेजारच्या उलट उतारावरून तोच प्रकाश दुसरीकडे निघून जात असल्यामुळे तो पट्टा गडद दिसतो. धूपछाव पैठणीचा पदर हलवताना रंग पालटतो तो जसा धाग्यांच्या दिशेमुळे, तसाच हा प्रकार आहे.

आता आपले तिन्ही प्रयत्न का फसले ते ध्यानात येईल. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पाहणाऱ्याच्याच दिशेने येतो, त्यामुळे दोन्ही उतारांना सारखाच प्रकाश मिळतो आणि त्यांच्यातला फरक नाहीसा होतो. मोठ्या खिडकीचा उजेड एकाच वेळी अनेक दिशांनी येतो, म्हणून एका दिशेच्या उजेडाने उठलेला पट्टा दुसऱ्या दिशेच्या उजेडाने पुसला जातो. ट्यूबलाइट बहुधा काठीला समांतर आणि किंचित बाजूला असावी. तसे असल्यास ती पट्टे तर दाखवत नाहीच, शिवाय ती लांब पांढरी रेघही तीच काढते.

दिवा काठीच्या टोकाच्या बाजूला हवा. काठी टेबलावर दोन खाचपाडलेल्या ठोकळ्यांवर आडवी ठेवा, कॅमेरा तिच्या बरोबर वर तिपाईवर लावा, आणि एकच लहान एलईडी दिवा बटच्या टोकापलीकडे अशा उंचीवर ठेवा की कॅमेऱ्याच्या सरळ रेषेपासून तो साधारण ३० ते ४० अंश कललेला असेल. बट सुमारे २९ इंच लांब असतो, म्हणून दिवा निदान पाच-सहा फूट दूर हवा. जवळ ठेवल्यास एका टोकाला पट्टे ठळक आणि दुसऱ्या टोकाला फिके येतात. त्याच कारणाने कॅमेराही लांब न्यावा आणि टेलिफोटो भिंग वापरावे.

येथे एका मोहापासून सावध करतो, कारण मीही त्यात बरेच दिवस अडकलो होतो. पोत दाखवायचा म्हटले की आपण दिवा जवळजवळ टेबलाला टेकवतो. भिंतीचा गिलावा किंवा दगडी कोरीवकाम टिपताना ती युक्ती उत्तम आहे, परंतु लाकडातील लाटा पृष्ठभागावर नसून त्याच्या आत असतात. इतका खालचा उजेड पॉलिश पेपरचे ओरखडे मात्र निर्दयपणे दाखवतो, आणि ग्राहकाला लाटांऐवजी आपली अपुरी घिसाई दिसते.

बर्ड्‌स आय मेपलचे ‘डोळे’ म्हणजे तंतूंमधील लहान खळगे असल्यामुळे ते दिव्याच्या दिशेबाबत इतके हट्टी नसतात. तेथे प्रश्न आहे तो बाजूचा: डोळे एका बाजूने गोल दिसतात आणि काठी पाव वळसा फिरवली की त्यांच्या जागी आखूड रेघा दिसतात. म्हणून काठी पाव-पाव फिरवून चार छायाचित्रे घ्यावीत, आणि कोणती बाजू कोणती हे कळावे म्हणून टोकाला मास्किंग टेपवर आकडे लिहावेत.

कच्च्या, न कातलेल्या चौकोनी तुकड्याचे छायाचित्र हवे असेल, तर त्यावर डिनेचर्ड स्पिरिटचा बोळा फिरवून लगेच टिपावे. कोरड्या लाकडाचा खडबडीत वरचा थर प्रकाश विखुरतो. स्पिरिट तो भरून काढते आणि पुढे पॉलिशमध्ये दिसणारे रूप काही क्षण आधीच पाहायला मिळते. पाण्याने तंतू फुगून उठतात, म्हणून पाणी नको. लाखेच्या पॉलिशवर स्पिरिट लावाल तर पॉलिशच विरघळेल, आणि तापणारा हॅलोजन दिवा स्पिरिटजवळ अजिबात ठेवू नये. तुकडा विकायचा असेल, तर कोरडे आणि ओले अशी दोन्ही छायाचित्रे तसे लिहून द्यावीत.

पांढऱ्या रेघेबद्दल: वार्निश केलेली काठी हा लांबट, गोल आरसा आहे आणि तो बाजूच्या सगळ्या वस्तू दाखवतो. खोलीतले इतर दिवे बंद करून काठीच्या दोन्ही अंगांना काळा कार्डपेपर उभा केला की बहुतेक रेघ जाते. भिंगावर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारी गाळणी) लावून आणि दिव्यासमोर पोलरायझिंग फिल्म धरून उरलेली चमकही मारता येते. मात्र फिल्म पोलरायझरशी पूर्ण काटकोनात फिरवल्यास वार्निशच्या चमकेबरोबर तंतूंची चमकही मरू लागते, म्हणून थोडी सैल सोडावी.

मेपलचा रंग पिवळट येतो तो दोन प्रकारच्या उजेडांच्या मिश्रणाने. एकच दिवा आणि करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतल्यास तो दोष जातो. फिकट लाकूड कॅमेऱ्याला करडे करावेसे वाटते, तेव्हा एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवावे. भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११ पुरेसे आहे.

शेवटी, दिवा एकदा डाव्या आणि एकदा उजव्या टोकाला ठेवून, काठी न हलवता, दोन छायाचित्रे घ्या. उजळ पट्ट्यांच्या जागी गडद आणि गडदांच्या जागी उजळ आलेले दिसतील. स्वस्त क्यूवर चिकटवलेल्या छापील नक्षीत ही अदलाबदल होत नाही, त्यामुळे खरे लाकूड दाखवणारी ही जोडी ग्राहकाला कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक पटते.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांचा जुना स्नूकरचा क्यू आहे. त्याचा शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) ॲशच्या लाकडाचा असून त्यावर बाणासारख्या खुणा आहेत. त्या मोबाइलवर नीट टिपता येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सहज येतील, कारण येथे गोष्ट उलट आहे. ॲशच्या वाढीची वर्तुळे निमुळत्या काठीच्या पृष्ठभागाला तिरकी छेदतात, त्यातून हे बाण उमटतात, आणि लाकडाच्या उघड्या छिद्रांत भरलेल्या गडद रंगामुळे ते ठळक होतात. हा खराच गडद-फिका भेद असल्याने दिव्याची दिशा गौण ठरते. सावलीतल्या खिडकीजवळ काठी ठेवा. बाण समोरासमोरच्या दोनच बाजूंना असतात, मधल्या बाजूंना सरळ रेघा दिसतात, म्हणून बाण वर येतील अशी काठी फिरवा. मोबाइलची दोन किंवा तीन पट झूम असलेली लेन्स वापरा, एचडीआर (उजळ-गडद भागांतला फरक आपोआप कमी करणारी सोय) बंद ठेवा आणि बाणांवर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा. संपूर्ण ५८ इंची क्यू एका चौकटीत बसवला तर तो दोऱ्यासारखा दिसतो. त्यासोबत वीतभर भागाचे एक जवळचे छायाचित्र अवश्य घ्या.