गणितात पुढे असलेल्या देशांची पद्धत आपल्या मराठी शाळांत जशीच्या तशी आणावी का?

कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत गणित शिकवताना जपानची पद्धत स्वीकारावी का, असे आपण विचारले आहे. पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला १९९९ च्या ‘टिम्स’ (गणित व विज्ञान शिक्षणाची आंतरराष्ट्रीय तुलना) व्हिडिओ अभ्यासाचा आधार आहे. त्यात सात देशांतील आठवीच्या गणिताच्या ६३८ तासिका चित्रफितींवरून तपासल्या गेल्या. जपान आणि हाँगकाँग या दोन्हींची मुले गुणांत पुढे होती, परंतु जपानच्या वर्गात थोडी उदाहरणे दीर्घकाळ चर्चिली जात, तर हाँगकाँगमध्ये रीतीचा सराव अधिक होता. म्हणजे यशाची एकच पद्धत नव्हती. फरक दिसला तो दुसरीकडे. विचार करायला लावणारे उदाहरण अमेरिकी वर्गांत शिक्षक बहुधा स्वतःच रीत सांगून सोपे करून टाकत, तर या दोन्ही ठिकाणी त्यातील विचाराचा भाग बऱ्याच वेळा मुलांकडेच राहत असे.

आपल्या वर्गात हे आजच करता येईल, त्यासाठी नवे साहित्य लागत नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान का करावे लागतात, हे मुलांना आधी आपापसांत मांडू द्यावे, आणि तेही घरच्या मराठीत, कारण कन्नड पुरेशी न येणाऱ्या मुलाचे कारण बरोबर असले तरी शब्दांअभावी ते मनातच राहते. पाठ्यपुस्तकातील भाग मागे पडेल ही भीती खरी आहे. म्हणून आठवड्याला असे एकच उदाहरण घ्यावे.