पाळणा हलण्याआधीचा हिशेब

प्रश्न : मला पाचवा महिना सुरू आहे. माझ्या कंपनीच्या गटविम्यात बाळंतपणासाठी ५०,००० रुपयांची मर्यादा आहे. ती अपुरी वाटते, म्हणून आता स्वतंत्र आरोग्यविमा घ्यावा का? (एक वाचिका, चिंचवड)

उत्तर : या बाळंतपणासाठी नव्या पॉलिसीचा उपयोग होणार नाही. वैयक्तिक पॉलिसीमध्ये प्रसूतीच्या खर्चासाठी प्रतीक्षाकाळ असतो. तो पॉलिसीनुसार साधारण नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत असू शकतो, त्यामुळे पाचव्या महिन्यात भरलेला हप्ता नवव्या महिन्यात कामी येत नाही. ती रक्कम आवर्ती ठेवीत किंवा बचत खात्यात ठेवावी.

त्याऐवजी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून काही गोष्टी लेखी विचारून घ्या. सिझेरियनसाठीही मर्यादा ५०,००० रुपयेच आहे का, बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते का आणि जन्मानंतर किती दिवसांत त्याचे नाव पॉलिसीत नोंदवावे लागते, हे कळले पाहिजे. यांतला बाळाच्या संरक्षणाचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तर तो खर्च बाळंतपणाच्या मर्यादेतून वजा होतो की कुटुंबाच्या मूळ विमारकमेतून मिळतो, यावर फार मोठा फरक पडतो. उत्तर ‘मर्यादेतूनच’ असे आले, तर तुमची राखीव रक्कम त्या प्रमाणात वाढवावी लागेल.

यानंतर रुग्णालयाकडून नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन या दोन्हींचा अंदाजित खर्च मागा आणि तयारी मोठ्या आकड्याची ठेवा. समजा, तो आकडा १,१०,००० रुपये निघाला, तर विमा वगळता ६०,००० रुपये कमी पडतात. हातात असलेल्या चार महिन्यांत ते दरमहा १५,००० रुपयांनी उभे राहतात. याशिवाय घरखर्चाचे किमान चार महिन्यांचे पैसे एका दिवसात काढता येतील असे ठेवावेत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत तुम्ही किमान ८० दिवस काम केले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. म्हणून खरी ओढाताण त्या २६ आठवड्यांत होत नाही. ती होते पुढे बाळासाठी बिनपगारी रजा वाढवली तर, किंवा पाळणाघराचा खर्च सुरू झाला की. त्या महिन्यांचा हिशेब आजच मांडा. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : पहिले बाळंतपण माहेरी करायचे ठरले आहे. वडील निवृत्त आहेत आणि सगळा खर्च आपणच करणार असा त्यांचा आग्रह आहे. आम्हाला संकोच वाटतो. (एक वाचिका, सातारा)

उत्तर : तुमचा संकोच योग्य आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्यामागे मुलीला विश्रांती आणि आईचा हात मिळावा हा हेतू होता. निवृत्तिवेतनातून रुग्णालयाचे बिल भरावे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. रुग्णालय, औषधे आणि तपासण्यांचा खर्च तुम्ही उभयतांनी करावा, आणि हे तुमच्या यजमानांनी स्वतः वडिलांशी बोलावे. जावयाने आदराने मांडलेली गोष्ट सासऱ्यांना मान्य करणे सोपे जाते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळाची कुंची-दुपटी हा भाग आईवडिलांकडे आनंदाने राहू द्यावा. डोहाळजेवण आणि बारसे घरगुती ठेवले, तर वाचलेली रक्कम बाळाच्या पहिल्या वर्षाला पुरवणी ठरेल. विमा असेल, तर माहेरच्या गावाजवळचे कोणते रुग्णालय त्याच्या रोकडरहित (कॅशलेस) यादीत आहे, ते आधीच पाहून ठेवा.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो, पत्नी घरी शिवणकाम करते. हे आमचे पहिले अपत्य आहे. बचत जवळजवळ नाही. आम्ही काय करावे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : सर्वांत आधी पत्नीची नोंदणी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे करून घ्या. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र कुटुंबाला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. शिधापत्रिका, उत्पन्न किंवा ई-श्रम नोंदणी यांपैकी कोणता पुरावा द्यायचा, ते त्या सांगतील. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, आहार आणि ने-आण विनामूल्य आहे, आणि बाळाच्या नेहमीच्या लसीही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. कर्ज काढून खासगी रुग्णालय गाठण्याआधी या सोयींची स्वतः जाऊन चौकशी करा. मुलगी झाली आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या लेक लाडकी योजनेत जन्मानंतर ५,००० रुपये आणि पुढे टप्प्याटप्प्याने, मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत, एकूण १,०१,००० रुपये मिळतात.

तुमच्या घरात पत्नीचे शिवणकाम काही महिने थांबेल आणि रुग्णालयाच्या फेऱ्यांमुळे तुमचेही काही दिवस बुडतील. तीच खरी तूट आहे. रोज १०० रुपये बाजूला काढून आठवड्याला बँकेत भरलेत, तर पाच महिन्यांत सुमारे १५,००० रुपये जमतील. हे पैसे भिशीत घालू नका. भिशी उचलण्याची पाळी आणि बाळाची वेळ जुळेलच असे नाही.

प्रश्न : नात झाली आहे. तिच्या नावे ३ लाख रुपये ठेवायचे आहेत. पतसंस्था जास्त व्याज देते. तिथे ठेवावेत, की सुकन्या योजनेत? (एक आजोबा, कोल्हापूर)

उत्तर : नातीचे अभिनंदन. पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. बँकेत, मग ती नागरी सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत ते मिळते. जास्त व्याजापोटी आयुष्यभराची पुंजी या फरकावर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुकन्या समृद्धी योजना चांगली आहे. तिचा दर दर तिमाहीला ठरतो. जानेवारी २०२४ पासून तो ८.२ टक्के झाला. मात्र खाते आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, आजोबा नव्हे. वर्षाला जास्तीत जास्त १.५ लाख रुपये भरता येतात, १५ वर्षे भरणा करता येतो आणि खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत संपते. शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर काढता येते. म्हणजे हे पैसे मधल्या काळात आजारपणात सहज हाताशी येणार नाहीत. म्हणून १ लाख रुपये मुलाच्या व सुनेच्या संयुक्त नावे बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावेत आणि उरलेले २ लाख दोन आर्थिक वर्षांत विभागून मुलामार्फत सुकन्या खात्यात भरावेत. त्याआधी मुलाने स्वतःचा मुदत विमा, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा आयुर्विमा (टर्म इन्शुरन्स), घेतला आहे का, हे जरूर विचारा. नातीचा सर्वांत मोठा आधार तिच्या वडिलांची कमाई आहे आणि तिचे संरक्षण ठेवीहून आधी येते. त्या विम्यात वारस म्हणून सूनबाईंचे नाव लावावे. अल्पवयीन मुलीचे नाव लावल्यास पैसे स्वीकारणारी प्रौढ व्यक्तीही नेमावी लागते.

सुकन्या खात्यासाठी जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, तेव्हा ती झाली आहे का, हे आजच मुलाला विचारा.