मीठ, साखर, डांबरगोळी आणि पेन्सिलचं शिसं

स्थायूंचा (घन पदार्थांचा) तो धातू, आयनिक, रेण्वीय नि सहसंयुज जालक अशा चार रकान्यांचा तक्ता घोकत बसू नकोस, परीक्षेआधीच विसरशील. नऊ व्होल्टची बॅटरी, एलईडी, तो जळू नये म्हणून जोडीला एक रोधक (रेझिस्टर) नि दोन वायरी घे आणि घरातलंच तपासून बघ.

तांब्याची तार घनरूपातच वीज वाहते, ठोकली की चपटी होते. धातू, विषय संपला. सैंधवाचा खडा कोरडा असताना दिवा लावत नाही, पाण्यात विरघळला की लावतो; ठोकला तर सपाट पृष्ठावर तुटतो, वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. हा आयनिक, म्हणजे धन-ऋण भारांच्या कणांचा. साखर दिसते तशीच, विरघळतेही, पण दिवा ढिम्म! ती रेण्वीय, म्हणजे सुट्या रेणूंची. डांबरगोळीही त्याच गटातली: ८० अंशांच्या आसपास वितळते आणि कपाटात तर न वितळताच झिजते, कारण रेणूंमधली ओढ कमजोर. गारगोटी ना विरघळते, ना वीज वाहते, काचेवर मात्र ओरखडा काढते. ही सहसंयुज जालक, म्हणजे अणूंचं एकसलग जाळं.

खरी गंमत पेन्सिलच्या शिशात. दिवा लागतो, म्हणून मीही एकदा धातू लिहून मोकळा झालो होतो. ठोकून बघितलं असतं तर भुगा दिसला असता. या शिशातलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच: त्यातला प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांना धरतो, चौथा इलेक्ट्रॉन थरात मोकळा फिरतो. वीज वाहतं, तरी ते सहसंयुज जालकच. म्हणून एका चाचणीवर कधीच शिक्का मारू नकोस. आणि हो, चव घेऊन ओळखायची नाही.