जुन्या बोलेरोला भंगारातला मागचा ॲक्सल बसवावा का?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की बोलेरो जुनी आहे, ताशी साठच्या पुढे मागून घुंई आवाज येतो, मेकॅनिक क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) गेलं म्हणतो, आणि नागपूरजवळच्या वाडीत एका भंगारवाल्याकडे पिकअपचा अख्खा ॲक्सल स्वस्तात मिळतोय. जुना ॲक्सल बसवायला माझी ना नाही. घरच्या जीपला मी तसाच बसवून घेतला आहे. पण पिकअपचा बोलेरोत जाईल का, हे भंगारवाल्याच्या शब्दावर ठरवू नका.

त्याआधी आवाज नक्की डिफरन्शियलचाच (ज्या गोळ्यात क्राऊन-पिनियन बसतं, त्याचा) आहे का, ते बघा. नागपुरात सिमेंटचे रस्ते इतके झालेत की झिजलेल्या टायरचा आवाजही मागून रडल्यासारखा येतो. सिमेंटवरून डांबरावर उतरल्याबरोबर आवाज बदलला, तर टायर बघा. रेस दिल्यावर येतो आणि पाय काढला की जातो किंवा सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियनचा संशय खरा. रेसशी संबंध नाही, पण स्टिअरिंग डावी-उजवीकडे झुलवलं की कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग. गाडी जागेवरून निघताना नुसतं ‘ठक्क’ होत असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे हलवून बघा, ते काम फार कमी पैशांत होतं.

आता मुख्य गोष्ट, गुणोत्तर. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. ४३ ला ११ म्हणजे ३.९१, ४५ ला ११ म्हणजे ४.०९, ३९ ला ८ म्हणजे ४.८८. मालवाहू गाडीला ओझं ओढायचं असतं, म्हणून तिच्यात हा आकडा मोठा असण्याची शक्यता जास्त. समजा तुमच्या गाडीत ३.९१ आहे आणि तुम्ही ४.८८ घातला. इंजिन पूर्वी ज्या फेऱ्यांवर ८० देत होतं, तिथे आता ६४ मिळेल. मीटरची केबल गिअरबॉक्समधून येत असेल तर काटा मात्र ८० च दाखवेल. गाडी चढाला जोरात ओढेल, पण हायवेवर इंजिन सतत बोंबलेल आणि डिझेल जास्त खाईल. गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर विषयच संपला: पुढचं-मागचं गुणोत्तर एकच हवं. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि टायर एकमेकांशी भांडतात.

दुकानात हे मोजायला काही उघडावं लागत नाही. एका बाजूचा ड्रम कोणाला तरी पक्का धरायला सांगा, दुसरा बरोबर दोन फेरे फिरवा. पिनियनचा फ्लँज (ज्या चकतीला प्रॉपेलर शाफ्ट जोडतात) जितके फेरे फिरला, तितकं गुणोत्तर. फ्लँजवर खडूची खूण करून घ्या. ३.९१ की ४.०९ असा घोळ असेल तर ड्रम वीस फेरे फिरवा, ३९ आणि ४१ मधला फरक सहज कळतो. तुमच्या गाडीचं गुणोत्तरही मागची दोन्ही चाकं उचलून, न्यूट्रलमध्ये, असंच निघतं.

गुणोत्तर जुळलं की टेप काढा. दोन्ही टोकांमधली रुंदी, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकांमधलं अंतर, पिनियनच्या नाकाची लांबी, चाकाच्या नटांचं वर्तुळ. बैठक कापून वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा. पिनियनचा कोन बिघडला की गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. नाक आखूड-लांब निघालं तर प्रॉपेलर शाफ्ट लेथवर नेऊन बदलावा लागेल आणि बॅलन्सही करावा लागेल. तो खर्च धरल्यावर स्वस्ताई उरते का, ते बघा.

मग ऑइल सोडायला लावा. बोटावर घासून बघा. बारीक राखाडी लेप चालतो, चकाकणारे कपचे नकोत. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, आमच्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या ॲक्सलचं हे नेहमीचं. पिनियनचा फ्लँज वर-खाली हलता कामा नये. ठोकर खाल्लेल्या गाडीचा ॲक्सल शाफ्ट वाकलेला असू शकतो, म्हणून शाफ्ट फिरवून टोकाचा फ्लँज लचकतो का बघा. असेंब्ली शक्यतो अख्खीच घ्या. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार झालेले असतात, इकडचं क्राऊन तिकडचं पिनियन केलं की आवाज विकत घेतलाच समजा.

बसवताना एक गोष्ट लोक विसरतात: हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि तुम्ही तेच काढताय. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावा, गाडी जॅकवर नाही तर चेसिसखाली घोड्या (स्टँड) लावून उभी करा. यू-बोल्ट (ॲक्सल पाट्यांना आवळणारे) नवे, ऑइल सील नवे, ब्रीदर (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ. ड्रम, लायनर आणि व्हील सिलेंडर शक्यतो तुमच्याच गाडीच्या मापाचे ठेवा. सिलेंडर मोठा झाला तर मागची चाकं आधी लॉक होतात, पावसात ते वाईट. ब्रेकची हवा काढून घ्या. ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, लेव्हलच्या भोकाच्या काठापर्यंत.

आरटीओचं म्हणाल तर त्याच मॉडेलचा ॲक्सल म्हणजे दुरुस्ती. पण आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल झाला, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. गाडी एमएच-३१ ची असो की ४० ची, पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पासिंगला उभं राहावंच लागतं, तेव्हा उगाच भानगड नको. भंगारवाल्याकडून बिल मागाच. बिल द्यायला कां-कूं करत असेल तर माल चोरीचा असू शकतो.

बसवल्यावर रिंग रोडला एक चक्कर मारा आणि दोन्ही हबना हात लावून बघा. मे महिन्यात इथे उभी गाडीही चटका देते, म्हणून डावं-उजवं ताडून बघा, एकच बाजू जास्त तापत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. काही दिवस गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. आणि व्यवहार करताना, आवाज आला तर आठवड्यात बदलून देणार का, हे त्या बिलावरच लिहून घ्या.